तारेच्या टोकाचा जावई

हिवरदऱ्यात डाळिंबाच्या झाडांना तारेचा आधार देताना रांगेच्या टोकाला खांब म्हणून जावई पुरतात. मधले खांब सिमेंटचे चालतात, त्यांच्यावर तारेचं नुसतं ओझं असतं. टोकाच्या खांबावर मात्र सगळ्या रांगेची ओढ येते, आणि एवढी ओढ परक्यावर टाकणं बरं दिसत नाही. गावातल्या एका घराने टोकालाही सिमेंटचाच खांब लावला होता. त्यांना मुलगी नाही हे लोकांनी समजून घेतलं, पण हळदीकुंकवाला त्यांच्या दारात जाताना बायकांचा आवाज आपोआप खाली यायचा.

सुहास शेवाळे हडपसरला एका बँकेत नोकरीला होता. लग्न ठरलं तेव्हा मुलीकडच्यांनी त्याची उंची दोनदा मोजली होती, एकदा चपला घालून आणि एकदा काढून. पगार कुणी विचारला नाही. सुहासच्या आईला ही माणसं फारच निर्लोभी वाटली. लग्नानंतरचा पहिला बहार धरला, झाडांवर लिंबाएवढी फळं आली, आणि सासरे तात्या झेंडे हळद-कुंकू लावलेली पहार घेऊन आमंत्रणाला दारात उभे राहिले.

"फळं तोडेस्तवर यावं लागंल, पाव्हणं," तात्या म्हणाले. "मानाचं काम हाय. नाय म्हणू नका."

बँकेत साहेबांनी रजा लगेच मंजूर केली. तारा किती आहेत एवढंच विचारलं. सुहास म्हणाला, तीन. साहेबांनी खुर्ची मागे सरकवली, उजवा खांदा चोळला आणि म्हणाले, "वरची गळ्यावर घेऊ नका. छातीवर घ्या."

रोवणीला निम्मं गाव आलं होतं. घरामागच्या बागेत झाडांची एकच लांब रांग होती. तिचं पलीकडचं टोक जुन्या आंब्याच्या बुंध्याला बांधलेलं होतं. आंबा तात्यांच्या आजोबांनी लावलेला, म्हणजे तोही घरचाच. अलीकडच्या टोकाला गुडघाभर खड्डा होता. त्याच्या बायकोच्या, मेघनाच्या, आईने त्याला ओवाळलं; सासू-सासऱ्यांना तो मामी-मामा म्हणायचा. टॉवेल-टोपी झाली. पाय ओले होऊ नयेत म्हणून तळाशी विटा मांडल्या होत्या, त्यांवर तो उभा राहिला आणि चौघांनी मुरूम टाकून पहारीने चोपला. मग एक तार कमरेला, एक छातीला आणि एक खांद्यांवरून. तार रुतू नये म्हणून मामींनी जुन्या लुगड्याच्या घड्या शिवून दिल्या होत्या. शेवटी झाडांच्या फांद्या सुतळीने तारांना बांधल्या, आणि सुहासला पहिल्यांदा कळलं की सासरची माणसं आपल्याला धरून आहेत.

गैरसोय म्हणावी अशी काही नव्हती. डोक्यावर छत्री होती, फोन हाताशी होता, आणि पुरणपोळी तर इतकी होती की त्याने एकदा भीतभीत पिठलं मागितलं. सकाळी आंघोळीपुरतं त्याला काढत आणि तेवढा वेळ तारा ट्रॅक्टरच्या हुकाला अडकवत. ट्रॅक्टर जागचा हलत नसे. हे दोन-तीनदा पाहिल्यावर सुहासने विचारलं, "मामा, मग ट्रॅक्टरच दिवसभर का नाही लावत?"

तात्यांना वाईट वाटलेलं दिसलं. "ट्रॅक्टरला मुलगी दिली न्हाई आमी," ते म्हणाले.

पहिला बहार सरळ उभा राहून पार पाडला की जावई सुटतो, शाल-नारळ देऊन त्याला घरी पाठवतात आणि पुन्हा बोलावतात ते फक्त जेवायला. फळं तोडायच्या आधी गावची खांब समिती ओळंबा घेऊन येते. जावयाच्या कपाळाला दोरा धरतात. खालचा लंबक गुडघ्यापासून चार बोटांहून पुढे गेला तर जावई कलला असं ठरतं, आणि पुढच्या बहाराला त्याला पुन्हा रोवतात. सुहासला सुटायचं होतं. त्याने मनाशी ठरवलं, आपण ताठ राहायचं.

पण डाळिंब फुगत जातं. लिंबाचं पेरूएवढं झालं, पेरूचं नारळाकडे निघालं, आणि सुहास दर आठवड्याला थोडा थोडा झाडांकडे झुकू लागला. सिमेंटचा खांबही झुकतोच. म्हणून त्याला मागून तिरपी तार बांधून जमिनीत पुरलेल्या दगडाला ताण देतात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण जावयाला मागून बांधायचं म्हणजे तो पळून जाईल असा संशय घेतल्यासारखं होतं. हिवरदऱ्यात पिढ्यानपिढ्या कुणी जावयाचा असा अपमान केलेला नाही. त्यामुळे तिथल्या तारा सैल असतात, फांद्या मोडतात, आणि दरवर्षी लोक पावसाला नावं ठेवतात.

मेघना शनिवारी आली. ती कोंढव्याच्या एका शाळेत शिकवायची. तिने नवऱ्याकडे बाजूने पाहिलं, पर्स आंब्याला अडकवली, विहिरीवरचा दोर आणला आणि त्याचं एक टोक सुहासच्या पाठीशी तारांना बांधलं. दुसरं टोक स्वतःच्या कमरेला गुंडाळून ती चार पावलं मागे गेली आणि टाचा रोवून मागे रेलली. सुहास सरळ झाला. फांद्या वर उचलल्या गेल्या. तात्या पडवीतून बघत होते, ते खूश होऊन म्हणाले, "आता कसं जावईबापूंनी मनावर घेतलं."

"हे तुला कुणी शिकवलं?" सुहासने हळूच विचारलं.

"आईने. आईकडच्या आजोबांच्या बागेत बाबा होते ना टोकाला. गावात गाजलेला खांब." मेघनाने दोर सावरला. "आई तेव्हा मागे बसून शेंगा निवडायची, असं सगळे सांगतात."

तिने शाळेतून रजा घेतली. मग आणखी घेतली. दिवसा ती दोर धरून मागे उभी राहायची आणि तिथेच वह्या तपासायची. भेटायला येणारी माणसं सुहासच्या गळ्यात हार घालून त्याच्या पाठीच्या कण्याचं कौतुक करत आणि निघताना मेघनाला म्हणत, "तू बरी आलीस गं माहेरपणाला. तेवढाच आराम."

समिती यायची त्याच दिवशी दुपारी पुण्यात तिची मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी मुलाखत होती. ही जागा तिला हवी होती. आधी आलेली अशीच एक संधी तिने लग्नाच्या गडबडीत सोडली होती आणि ते तिच्या मनातून गेलं नव्हतं.

"समितीवाले तीन प्रश्न विचारतात," ती सुहासला म्हणाली. "तिसरा असतो, एकट्याने उभे आहात का. तू नाही म्हण. मेघना धरून आहे म्हण. मग बाबांना दगड पुरून ताण द्यावाच लागेल. तूही सरळ राहशील आणि मी बाराची एसटी पकडेन."

"म्हणतो ना," सुहास म्हणाला. त्या क्षणी त्याला ते अगदी सोपं वाटलं होतं.

समितीचे अध्यक्ष नानासाहेब गरुड माजी सरपंच होते. ओळंबा त्यांनी रेशमी रुमालात आणला होता. बागेत पन्नासएक माणसं जमली. नानासाहेबांनी सुहासच्या कपाळाला दोरा धरला, लंबक गुडघ्याला जाऊन टेकला आणि लोकांत कुजबुज झाली. इतका सरळ जावई तात्यांच्या नंतर पाहिला नव्हता म्हणे.

"उभे आहात?"

"आहे."

"राजीखुशीने?"

"हो."

"एकट्याने?"

सुहासने समोर पाहिलं. तात्यांच्या डोळ्यांत पाणी तरळत होतं. एक म्हातारबुवा आपल्या नातवाला त्याच्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होते. बँकेत त्याच्याकडे असं कुणीही कधी पाहिलं नव्हतं.

"एकट्यानेच," सुहास म्हणाला. आणि वर, कुणी विचारलं नसताना, "सवय आहे मला," असंही म्हणाला.

मागे मेघनाने कमरेचा दोर सोडला. रागाने फेकला वगैरे नाही, नीट गुंडाळून विहिरीच्या कठड्यावर ठेवला, आंब्यावरची पर्स घेतली आणि गर्दीतून वाट काढत स्टँडकडे गेली. सुहास झाडांकडे कलू लागला. लंबक गुडघ्यापासून एक वीत सुटला, मग दोन. तारा लोंबल्या, फांद्या कडाकड मोडल्या, आणि तात्यांची तोडायला आलेली निम्मी फळं जमिनीवर पडून फुटली. तात्या मटकन खाली बसले. सुहासला स्वतःची लाज वाटली, इतकी की वाकलेल्या मानेने तो फक्त फुटलेले दाणे बघत राहिला.

नानासाहेबांनी ओळंबा पुन्हा रुमालात गुंडाळला. समितीने तिथेच बसून विचार केला. जावई मुळात चांगला आहे, पण रोवणी उथळ झाली, असं ठरलं. पुढच्या बहाराला एक फूट खोल.

पुढच्या बहाराला सुहास मांडीपर्यंत जमिनीत होता. या वेळी साहेबांनी बजावलं होतं की तिसऱ्यांदा रजा मिळणार नाही, खांब व्हायचंय की कर्मचारी ते ठरवा. मेघना आली नाही. ती आता मुख्याध्यापिका होती. फळं फुगू लागली तेव्हा त्याने तिला फोन केला.

"मी पुन्हा कलतोय," तो म्हणाला. "तू येतेस का?"

"मी तिथे गेल्या वर्षीही नव्हते," मेघना म्हणाली. "पन्नास माणसांसमोर सांगितलंस की तू."

"चुकलं माझं. या वेळी खरं सांगतो. शप्पथ."

"सांग. मला ऐकायला आवडेल. पण शनिवारी पालकसभा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाठीला काहीतरी ओढ बसली आणि सुहास सरळ झाला. त्याने वळता येईल तेवढी मान वळवली. मामी होत्या. पदर खोचून, कमरेला दोर गुंडाळून रेलल्या होत्या. सवयीने त्यांनी सोबत शेंगांचं सूपही आणलं होतं.

"मामी, तुम्ही कशाला?"

"मग कोन? पुढं बघा जावईबापू. मान वळवली की तार हलतीया."

त्या महिनाभर तशाच उभ्या राहिल्या. अधूनमधून चूल बघायला जायच्या, तेवढा वेळ सुहास दात आवळून धरायचा. या वेळचं पीक तात्यांच्या आयुष्यात आलं नव्हतं एवढं होतं. एकेक फांदी दोन-दोन सुतळ्यांनी बांधलेली होती, आणि त्या सगळ्याचं वजन शेवटी मामींच्या टाचांवर येत होतं.

समिती आली. गुडघे जमिनीत होते, म्हणून लंबक मांडीला टेकला. नानासाहेबांनी समाधानाने मान हलवली.

"उभे आहात?"

"आहे."

"राजीखुशीने?"

"तसं म्हणा."

"एकट्याने?"

"नाही," सुहास म्हणाला. "मी एकटा एक दिवससुद्धा उभा राहिलेलो नाही. गेल्या वर्षी मेघनाने धरलं होतं, आत्ता मामींनी धरलंय. त्या मागे आहेत. बघा."

नानासाहेब दोन पावलं बाजूला झाले आणि त्यांनी सुहासच्या मागे पाहिलं. समितीच्या बाकीच्यांनीही पाहिलं. मामी तिथेच होत्या, दोर ताणलेला होता आणि टाचांखालची माती उकरली गेली होती.

"मी हाय हितं, नाना," मामी म्हणाल्या.

नानासाहेबांनी बराच वेळ नीट निरखून पाहिलं. दोराला हातही लावला. मग ते पुढे आले.

"मागं कुनी न्हाई," ते म्हणाले. "जावई सरळ हायेत. नम्र बी हायेत, ही मोठी गोष्ट."

टाळ्या झाल्या. सुहासच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. त्याने पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, सांगायचा प्रयत्न केला, पण तात्यांनी त्याचे दोन्ही हात धरले होते. मग तात्या समितीकडे वळले, सगळ्यांना बसायला सतरंजी टाकायला सांगितली आणि घराच्या दिशेने हाक मारली.

"अगं ए, पाव्हन्यांना च्या टाक."

घरात कुणी नव्हतं. मामींनी कमरेचा दोर सोडला, पदर झटकला आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.

सगळं खाली यायला फार वेळ लागला नाही. शेवटचं डाळिंब घरंगळत येऊन सतरंजीला अडलं तेव्हा शालीसकट वाकलेल्या सुहासचं कपाळ जवळजवळ जमिनीला लागलं होतं. तात्या उभेच होते. नानासाहेबांनी रुमाल उलगडून ओळंबा बाहेर काढला, थोडा विचार केला आणि परत ठेवला.

"आदी च्या घेऊ," ते म्हणाले. "मग परत मोजू."