परशराम गुरुजींचं ‘कसं आलं?’

मी एकदा एकोणतीस मुलांना एका दमात शून्य दिलं होतं, आणि त्या दिवशी घरी जाऊन पोटभर जेवले होते.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. निपाणीहून ट्रेनिंग करून नुकतीच शहापुरातल्या मराठी शाळेत लागलेली. कांजी केलेली साडी, घट्ट वेणी आणि पर्समध्ये दोन लाल पेनं. एक मध्येच संपलं तर मुलांच्या चुका तशाच राहतील, ही काळजी! ती बाई आज मला रस्त्यात दिसली असती, तर मी समोरच्या दुकानात शिरून ती जाईपर्यंत कापूर-उदबत्तीचे भाव विचारत बसले असते.

तर त्या बाईने सहावीच्या वार्षिक परीक्षेत एक गणित घातलं. पुस्तकात मजूर आणि भिंत होती. पण ‘उदाहरण मुलांच्या परिसरातलं द्यावं’ हे ट्रेनिंगमध्ये मी वहीत अधोरेखित करून आणलं होतं. शहापूर म्हणजे विणकरांची वस्ती. म्हणून मी लिहिलं: एक विणकर एक साडी सहा दिवसांत विणतो, तर तीन विणकर तीच साडी किती दिवसांत विणतील?

उत्तर दोन. माझ्या मते.

एकोणतीस मुलांचं चुकलं; त्यातल्या अठ्ठावीस जणांनी लिहिलं, सहा. दुकानदारांच्या पाच-सहा मुलांनी तेवढं दोन लिहिलं. जवळजवळ सगळ्यांची चूक एकसारखी, म्हणजे सामुदायिक कॉपी! मी एकोणतीसच्या एकोणतीस जणांना अख्ख्या गणिताच्या पेपरात शून्य दिलं आणि वर्गात उभं करून ते मोठ्याने वाचूनही दाखवलं. त्यांच्यात शेवंता नावाची एक मुलगी होती. तिने लिहिलं होतं, ‘आठ दिवस. तिघं असले की बोलत बसतात.’ हा तर सरळ उद्धटपणा. तिच्या शून्याखाली मी दोन रेघा ओढल्या.

आता परशराम गुरुजी कोण ते सांगते, कारण या गोष्टीत शहाणा माणूस तेवढा एकच आहे.

गुरुजी पाचवीला शिकवायचे. किडकिडीत, धोतर-टोपी, बगलेत छत्री. घरी हातमाग, घराण्यात मास्तर झालेले हेच पहिले. सगळी शाळा त्यांना ‘कसं आलं गुरुजी’ म्हणायची. मुलाने उत्तर चुकीचं दिलं की गुरुजी हसून विचारायचे, “कसं आलं?” इथवर ठीक. पण बरोबर दिलं तरी, “कसं आलं?” बरोबर उत्तर देणारं पोरच जास्त घाबरायचं. पेपरावर त्यांनी फुली कधी मारली नाही. चुकलेल्या जागी पेन्सिलीने एक बारका गोल करायचे आणि एकेका मुलाला मांडीशी बसवून विचारायचे, “हितनं तू कुठं गेलतास रं?” पोर सांगायचं. ते ऐकत ऐकत पेन्सिलीची खूण पुढे वाढवत न्यायचे. आमचे निकाल लागून सुट्टी पडली तरी यांचे वीस पेपर शिल्लक. हेडसर दरवर्षी डोक्याला हात लावायचे.

सवय शाळेत ठेवून घरी जाणारा हा माणूस नव्हे. संकेश्वरच्या एसटीत कंडक्टर म्हणाला, “दीड तासात पोचतोय बघा.” गुरुजी म्हणाले, “कसं आलं?” वाटेतल्या हत्तरगीपर्यंत दोघांची चर्चा. डॉक्टरांनी नाडी धरून सांगितलं, “पित्त आहे.” “कसं आलं?” डॉक्टरांना वाटलं, हे खाण्यापिण्याबद्दल विचारतायत. त्यांनी मिरची बंद करायला सांगितली. गुरुजी म्हणाले, “मिरची न्हवं वो, तुमचं उत्तर कसं आलं?” पुतण्याच्या लग्नात भटजी म्हणाले, मुहूर्त बारा बत्तीसचा. त्यावर गुरुजींनी पंचांग मागवलं. बारा बत्तीस कधी झाले ते मांडवात कुणालाच कळलं नाही. अक्षता पडल्या एकच्या सुमारास, आणि मुलीकडचे अजून पुतण्याला ‘पंचांगवाले’ म्हणतात.

आज पंच्याऐंशीच्या घरात आहेत, तरी रविवारी सकाळी आमच्या घरी येतात. माझी नात सानू टॅबवर परीक्षा देते. उत्तर चुकलं की लाल खूण उठते आणि टॅब ‘टुंई’ करतो. परवा गुरुजींनी तो टॅब हातात घेतला, वरखाली बघितला आणि म्हणाले, “चूक हाय म्हणतंय. कसं आलं ते इचारलं का पोरीला?” सानू म्हणाली, “आजोबा, तो विचारत नाही. तो नुसतं सांगतो.” गुरुजी माझ्याकडे बघून म्हणाले, “म्हणजे तरुणपणच्या बाईच की ह्या!”

असं मला घरात येऊन बोलायचा हक्क त्यांना त्या एकोणतीस शून्यांमुळे मिळालेला आहे.

तेव्हा स्टाफरूममध्ये माझा तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा पडला होता. निकाल दोन दिवसांवर. गुरुजींनी पेपर चाळले.

“बाई, एकोणतीस पोरं एकदमच चुकली व्हय?”

“चुकली नाहीत. कॉपी केली.”

“कुणाचं बघून?”

“एकमेकांचं.”

“आन् ज्यांचं दोन आलंय, ती हुशार पोरं त्यांच्याच बाकावर बसलीत. त्यांचं सोडून चुकीचं बघून लिव्हली व्हय? असली कॉपी मी बघितलो न्हाई कवा.”

मी लाल झाले. गुरुजींनी सावकाश विचारलं, “तुमचं दोन कसं आलं?”

“सहा भागिले तीन.”

“भागाकार झकास हाय. माग बघितलायसा कवा?”

मी निपाणीची. वडील तंबाखूच्या वखारीत कारकून. तंबाखूची पानं मी वासावरून ओळखायचे, पण माग चित्रातच पाहिलेला. तसं कबूल करायचं सोडून मी म्हणाले, “गणितात मागाचा काय संबंध?”

“साडीचा काय संबंध हुता?” गुरुजी म्हणाले, आणि मग हसणं थांबवून, “बाई, त्या शेवंताचा बा मारुती लई तिरसट हाय. पोरगी नापास झाली तर शाळा बंद, घरात बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या, असं त्यानं कवाच बोलून ठेवलंय. तुमचं शून्य ते एका पेपराचं न्हवं.”

शाळा सुटल्यावर ते मला शेवंताच्या घरी घेऊन गेले. बोळात दोन्हीकडून मागांची खटखट. आत गेलो तर जमिनीत मागाचा खड्डा, खड्ड्यात पाय सोडून मारुती बसलेला, समोर अर्धी विणलेली अंजिरी साडी.

“मारुती, जरा सरक की. बाई बसत्यात.”

मारुतीला काही कळेना, पण मास्तरणीला नाही कसं म्हणायचं? तो कडेला झाला. मी कांजीची साडी सावरत फळीवर टेकले. पाठोपाठ गुरुजी घुसले. “आता तू बी बस, मारुती. तिघं मिळून विणू.”

“गुरुजी, डोस्कं फिरलंय काय वो? माग हाय ह्यो, टेम्पो न्हवं!”

“बाईंच्या हिशोबानं तिघं बसलं की साडी दोन दिवसांत हुती.”

मारुतीने माझ्याकडे जे बघितलं, ते मी अजून विसरलेले नाही. त्यात राग नव्हता. शिकल्या-सवरल्या बाईला काहीतरी झालंय, अशी काळजी होती. मी झटक्याने उठायला गेले. माझा कोपर उभ्या धाग्यांच्या ताण्याला लागला आणि सात-आठ धागे तटातट तुटले.

दारातून शेवंता म्हणाली, “बाई, आता नऊ दिवस लागत्यात.”

मारुती वाकून एकेक धागा शोधून गाठ मारत बसला. प्रत्येक गाठीला त्याच्या बोटांना किती वेळ लागतो, ते मी उभ्या उभ्या बघत होते. मला एका पेपराला तीन मिनिटं पुरत होती.

परत येताना मी म्हणाले, “गुरुजी, मी मार्क वाढवते. उद्या गुपचूप रजिस्टर दुरुस्त करते.”

“गुपचूप? शून्य तर वरडून सांगितलासा की!”

दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहिले, तेव्हा पाय अजून त्या खड्ड्यातच असल्यासारखे वाटत होते. म्हणाले, “मुलांनो, गणित माझं चुकलं. तुमचं बरोबर आहे. एका मागावर एकच माणूस बसतो. कॉपी केली म्हणाले, तेही चुकलं.”

बाईचं चुकतं, हे त्यांच्या पाठ्यपुस्तकात नव्हतं. मग शेवंताने हात वर केला. “बाई, मग तुमास्नी किती मार्क?”

“शून्य.”

“आन् माझं आठ?”

मी विचारलं, “कसं आलं?” आयुष्यात पहिल्यांदा. ती म्हणाली, तिच्या आईशी बोलायला शेजारच्या दोघी येऊन मागाशी बसल्या की बापाचं विणणं थांबतं, दोन दिवस वाढतात, तिने मोजलंय. तिला पूर्ण गुण दिले.

रजिस्टरात खाडाखोड केली म्हणून हेडसरांनी मला मेमो दिला. शेवंता पास झाली. निकाल घ्यायला मारुती स्वतः आला आणि जाताना म्हणाला, “बाई, पुढच्या खेपेला कोपर सांभाळून.” शेवंता पुढे नर्स झाली. मला इंजेक्शन देते तेव्हा मी कोपर पोटाशी धरून बसते.

ही सगळी गोष्ट गेल्या रविवारी मी सानूला सांगितली, माझ्या नकलेसकट. ती पोट धरून हसली. “आजी, तू कित्ती खडूस होतीस!” म्हणत आत पळाली.

गुरुजी हसले नाहीत. चहाची बशी तशीच धरून बसले होते. मी म्हणाले, “त्या दिवशी तुम्ही ओढून नेलं नसतं, तर मी मेले तरी चूक कबूल केली नसती. एवढी चिकाटी तुमच्यात कुठून आली, गुरुजी?”

त्यांनी बशी खाली ठेवली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले:

“मी नवा नवा मास्तर झालतो, बाई, तवा माझी धाकटी भन माझ्याच वर्गात हुती. वशिला केलो म्हणतील म्हणून तिचा पेपर लई कडक तपासलो, नापास केलो. आमच्या आप्पानं तिला शाळंतनं काढून मागावर बसवलं, आन् दोन वर्सांत लगीन. तिची हळद लागल्यावर मी पेपर पुन्ना काढून बघितलो. उत्तर बरोबर हुतं, रीत तेवढी तिची वेगळी. अजून पंचमीला माहेरला आली की इचारती, ‘आण्णा, त्या गणितात माझं काय चुकलंतं रं?’ मी म्हणतो, ‘आता कुठलं आठवतंय गं, चा घे.’”