झिपरूआप्पांचा मागचा स्पीकर

झिपरूआप्पा माझ्या दुकानात येताना खिशात घालून आपली खोली आणायचे. थट्टा नाही करत. शर्टाच्या खिशातून सुताची गुंडी काढायची, गाठी चाचपत ते सूत माझ्या फरशीवर अंथरायचं, की झाली खोली तयार. ही गाठ दरवाजा, ही टीव्ही, ही खाट, आणि पार मागच्या भिंतीपाशी चूल. मग त्या सुताच्या आत कोणी पाऊल टाकलं की आप्पा खेकसायचे, "आरे भाऊ, चुल्हावर पाय दी राहिना तू!"

एकदा एक गुजराती गृहस्थ इस्त्री दुरुस्तीला आले होते. आप्पांनी त्यांना खांद्याला धरून कोपऱ्यात नेलं. "तमे पाच मिनिट कबाट बनो." आणि तो भला माणूस इस्त्री पोटाशी धरून खरंच कपाट होऊन उभा राहिला! जाताना त्यांनी मला हळूच विचारलं, "आ काका शुं करे छे?" मी म्हटलं, स्पीकर घेतायत. दीड वर्ष झालं, घेतायतच.

सुरतेत गोडादऱ्याला माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मी परभणीकडचा, आप्पा खानदेशातले. वीसेक वर्षं लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कारागीर. नव्वदीची शेवटची वर्षं ती. रंगीत टीव्ही घरोघर आले होते आणि आता घरातच थेटरासारखा आवाज पाहिजे, असं नवं खूळ निघालं होतं. त्यात दोन पंथ. टीव्हीखाली एकच लांबलचक पेटी ठेवा, नाहीतर चार कोपऱ्यांत चार छोटे स्पीकर टांगा. लोक चहा निवायच्या आत ठरवून मोकळे व्हायचे. आप्पा मात्र दर सुट्टीला सूत घेऊन हजर. बोलणंही कसं, तर खात्यात बोलल्यासारखं, बेंबीच्या देठापासून! समोरच्या पानवाल्याला आप्पांच्या खोलीचा नकाशा तोंडपाठ झाला होता.

एवढा घोळ कशासाठी, हे त्यांनी कधी लपवलं नाही. इंदूकाकू, त्यांची बायको, त्याच खात्यात बॉबिन भरायच्या. मागांच्या खडखडाटानं काकूंचा डावा कान गेला होता, उजवाही हळूहळू जायला लागला होता. संध्याकाळी मालिकेच्या वेळी त्या मागे चुलीपाशी भाकरी थापत बसायच्या. उजवा कान मागच्या भिंतीकडे. टीव्हीतली बाई काय बोलली, हे दर दोन मिनिटांनी आप्पांना विचारायच्या. नंतर नंतर विचारायला लाजायला लागल्या आणि सगळे हसले की मागून हसायच्या. आप्पांना ते लागलं होतं. "तिले तिना कानघाई ऐकाले पाहिजे," ते म्हणायचे. म्हणजे तिचं तिला, तिच्या कानानं ऐकू यावं. म्हणून मागच्या भिंतीला, चुलीजवळ, एक स्पीकर पाहिजे होता.

आता माझं ऐका. पत्र्याच्या छपराची खोली, उंदीर वायर कुरतडणार, भिंतीत खिळा मारला तर विटेचा भुगा. चार स्पीकर लावायचे म्हणजे माझा अख्खा दिवस जाणार आणि पुढे महिन्याला एक तक्रार येणार. शिवाय एक लांब पेटी माझ्याकडे सहा महिने धूळ खात पडली होती. दिवाळी आठवड्यावर आलेली, दुकानात ही गर्दी, आणि आप्पा फरशीवर सूत अंथरतायत. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "आप्पा, एकच पेटी घ्या. असला जोरकस आवाज, समोरून निघतो आणि मागच्या भिंतीवर आपटून परत येतो!"

आप्पांनी सूत गोळा करता करता माझ्याकडे बघितलं. "तिले ऐकू येई का? खरं सांग."

"न यायला काय झालं?" मी म्हणालो. पेटी त्यांच्या गळ्यात मारली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो.

त्यानंतर आप्पा फिरकले नाहीत. रस्त्यात दिसले तर हात करायचे. तक्रार नाही म्हणजे काम फत्ते, असं मी धरून चाललो.

सात-आठ महिन्यांनी टीव्हीचं चित्र हलतंय म्हणून त्यांनी मला घरी बोलावलं. गल्लीच्या तोंडापासूनच पेटीचा आवाज ऐकू येत होता. खोलीत पत्रा थरथरत होता. आणि इंदूकाकू चुलीपाशी पाठमोऱ्या. मी दोनदा "काकू" म्हणून हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही.

चित्र नीट केलं, पण मला काही चैन पडेना. दुसऱ्याच दिवशी दोन छोटे स्पीकर घेऊन गेलो. चांगली वायर टाकली, खिळे मारले, एक स्पीकर बरोबर काकूंच्या उजव्या कानाशी बसवला आणि आवाज सोडला. काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग आप्पांकडे. स्पीकरवर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "हाली राहिनं."

हलतंय. एवढंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दिवाळीले येत व्हतं थोडं थोडं," आप्पा म्हणाले. तेही माझ्याकडे न बघता.

मी स्पीकर काढायला हात घातला तर म्हणाले, राहू दे. मग स्टूल उचललं, काकूंच्या समोर टेकवलं, टीव्हीकडे पाठ करून बसले आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवायला लागले. मागांच्या गोंगाटात ओरडूनही कोणाचं कोणाला ऐकू येत नाही, तेव्हा कारागीर असंच बोलतात. मालिकेतल्या बाईचं सगळं बोलणं ते ऐकून ऐकून काकूंना ओठांनी सांगत होते. काकू भाकरी थापायच्या थांबल्या होत्या, नजर आप्पांच्या तोंडावर. मधेच खुदकन हसल्या. मालिकेतली बाई तर तेव्हा रडत होती. म्हणजे म्हातारा पदरचं घालत होता.

मी निघालो तसे आप्पा दारापर्यंत आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पेटी चांगली शे भाऊ तुनी. आवाज भलता शे."

गिऱ्हाइकांच्या शिव्या मी आयुष्यभर खाल्ल्या, कोणाच्या लक्षात नाहीत. त्या दिवशी आप्पांनी एक सणसणीत शिवी हासडली असती, तर आज हे सांगत बसायची वेळ माझ्यावर आली नसती.