चौदाव्या भागात मेलेला दादा

चौदाव्या भागात मेलेला दादा सिनेमाच्या तिसऱ्या मिनिटाला बोटीवरून उतरला. नुसता उतरला नाही, हात हलवत उतरला, आणि मधल्या काळात त्याने वजनही चांगलं वाढवलेलं होतं. ते बघून गॅस कंपनीच्या तक्रार विभागातल्या कारकुनाने लॅपटॉप थांबवला आणि तोंडाशी नेलेला चहाचा कप खाली ठेवला.

"काय झालं?" कपड्यांच्या घड्या घालता घालता बायकोने विचारलं.

"दादा जिवंत आहे."

"कोणाचा दादा?"

"लाल राखणदाराचा."

"मग चांगलंच आहे की. मारलं कोणी होतं त्याला?"

कारकुनाने नजर लॅपटॉपकडे वळवली. कारण त्या दादाला मारलं होतं ते त्यानेच.

प्रकरण असं होतं. ‘दीपपंचक’ नावाची एक जुनी जपानी मालिका होती. पाच दीपस्तंभ, त्यांचे पाच राखणदार, पाच रंगांचे पोशाख आणि दर भागात समुद्रातून वर येणारा एक राक्षस. राक्षसाच्या पाठीवरची चेन स्पष्ट दिसायची. कोसळणाऱ्या इमारती पुठ्ठ्याच्या आहेत हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आणि तरीही शेवटी ते पाच जण एका रांगेत उभे राहून आपापले दिवे वर धरायचे, तेव्हा बघणाऱ्याच्या अंगावर सरसरून काटा यायचा. का यायचा ते विचारू नका, ज्यांना येतो त्यांनाही ते सांगता येत नाही.

ही मालिका भाषांतर केलेली कुठेच मिळत नव्हती. कारकून मात्र एके काळी जपानीच्या वर्गाला जायचा. सात आठवडे गेला आणि मग गेला नाही. पहिल्या चार भागांचे संवाद त्याने शब्दकोश मांडीवर घेऊन इमानेइतबारे मराठीत आणले आणि चित्राच्या खाली टाकले. पाचव्या भागात एक वाक्य काही केल्या लागेना, म्हणून तिथे त्याने पदरचं एक लिहून दिलं. कोणाच्या लक्षात तर आलं नाहीच, उलट त्याच वाक्याची वाहवा झाली. मग सहाव्या भागात त्याने तीन वाक्यं घातली. दहावा भाग येईपर्यंत शब्दकोश कपाटावर गेला होता.

चौदाव्या भागात लाल राखणदार धक्क्यावर उभा राहून ढसाढसा रडत होता. हातात दादाची टोपी, समोर समुद्र, वर भरून आलेलं आभाळ. आता अशा ठिकाणी दादा मेला नसेल तर दुसरं काय झालं असेल, तुम्हीच सांगा. कारकुनाने लिहिलं, ‘समुद्राने दादाला नेलं, पण त्याचा उजेड माझ्याकडे ठेवला.’ त्या एका ओळीने पंधरा-वीस मोठी माणसं रडली होती.

ही माणसं दर रविवारी दातांच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात जमत. दवाखाना बंद, बाहेरच्या खोलीत टीव्ही मोठा आणि खुर्च्या भरपूर. स्वतः डॉक्टर, लिफ्ट दुरुस्त करणारा एक मेकॅनिक आणि वाचनालयातल्या ग्रंथपाल बाई ही मंडळी त्यात सगळ्यांत कडवी. मेकॅनिकने दादाची ती ओळ ठळक अक्षरांत लिहून लिफ्टच्या मशीनरूममध्ये चिकटवली होती. ग्रंथपाल बाईंनी प्रत्येक भागातली महत्त्वाची वाक्यं वहीत उतरवून त्यांना क्रमांक दिले होते. कारकुनाला ते सगळे ‘सेन्सेई’ म्हणत, म्हणजे जपानीत गुरुजी.

कारकून ऑफिसात दिवसभर फोनवर तीनच वाक्यं बोलायचा. तक्रार नोंदवून घेतली आहे. माणूस पाठवतो. थोडी वाट बघा. चौथं वाक्य बोलायची तिथे सोयच नव्हती. रविवारी मात्र त्याने तोंड उघडलं की डॉक्टर खुर्ची पुढे ओढत आणि ग्रंथपाल बाई वही उघडत. एवढा जीव लावून ऐकणारी माणसं त्याला जन्मात दुसरी भेटली नव्हती. ती गेली असती तर त्याच्याकडे फक्त ती तीन वाक्यं उरली असती.

आणि आता हा सिनेमा आला होता. ‘दीपपंचक’ आणि ‘चांदीचा पहारेकरी’ अशा दोन मालिकांमधले सगळे वीर एकाच पडद्यावर. ते एकत्र आले तर काय होईल यावर त्या खोलीत दोन वर्षं चर्चा झडत होती. पहारेकरी एकटा लढणारा माणूस, तो रांगेत उभा राहील का, यावर तर डॉक्टर आणि मेकॅनिक आठवडाभर बोलत नव्हते. सिनेमा पुढच्या रविवारी दाखवायचं ठरलं होतं आणि सेन्सेईंच्या संवादांकडे सगळ्यांचे डोळे लागले होते.

"जुळा भाऊ आहे म्हणून सांग," बायको म्हणाली.

"विसाव्या भागात मीच लिहिलंय, त्या घरात दोनच मुलगे."

"कशाला लिहिलंस? मग भूत कर त्याचं."

कारकुनाने दादाचं भूत केलं. म्हणजे समुद्राने थोड्या दिवसांसाठी परत पाठवलेला आत्मा. इथवर ठीक होतं. पण सातव्या मिनिटाला हा आत्मा बसमध्ये चढला आणि कंडक्टरने त्याच्याकडे तिकीट मागितलं. आता आत्मा कंडक्टरला कसा दिसला? कारकुनाने डोकं खाजवून एक नियम काढला, की ज्यांच्या मनात उजेड आहे त्यांनाच दादा दिसतो. म्हणजे कंडक्टरच्या मनात उजेड होता. मग पुढच्या थांब्यावर एक कुत्रं दादावर भुंकलं. कुत्र्याच्याही मनात उजेड आला. हेही एक वेळ चाललं असतं, पण विसाव्या मिनिटाला समुद्रातून एक प्रचंड खेकडा वर आला आणि त्याने नांगी उगारून थेट दादालाच एक लगावली.

"खेकड्याला दिसला," कारकून डोकं धरून म्हणाला.

"म्हणजे खेकड्याच्या मनातही उजेड," बायको म्हणाली. "नियम म्हणजे नियम."

मग खेकडा वाईट कसा राहणार? कारकुनाने त्याला पूर्वायुष्य दिलं, लहानपणी हरवलेली आई दिली, पश्चात्ताप दिला. खेकडा चांगला निघाल्यावर त्याला मारणं हे पाप ठरलं, म्हणून पाचही राखणदारांच्या तोंडी शंका आल्या. पहारेकऱ्याने शेवटचा घाव घालण्याआधी हेल्मेटची काच पुसली, तिथे तो रडतोय असं लिहावं लागलं. आठवड्याभरात मारामारीचा एक साधा सिनेमा चांगलाच गहन होऊन बसला. शनिवारी सकाळी शेवटची ओळ टाकून कारकून पाठ टेकणार, तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला.

"सेन्सेई, उद्या माझी आत्या येतेय सिनेमाला. तुमचं सगळं सांगितलंय तिला. ती तीस वर्षं जपानी कंपनीत दुभाषी होती."

कारकून ताडकन उठून बसला. तोंडाला आलं ते बोलून मोकळा झाला. "डॉक्टर, मला उद्या जमेलसं वाटत नाही. दाढ फार ठणकतेय."

"मग तर याच. सिनेमाआधी बघून टाकतो. तुमच्यासाठी रविवारी खुर्ची उघडणार नाही तर कोणासाठी?"

दातांच्या डॉक्टरला दाढेची थाप मारणारा माणूस हा जगात बहुधा पहिलाच असावा. रविवारी चार वाजता कारकून त्या खुर्चीत आडवा झाला. डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला, आरसा फिरवला आणि त्यांना दाढेत खरोखरच एक भोक सापडलं. त्यांनी इंजेक्शन दिलं, दाढ कोरली आणि भरली. साडेचारला कारकून बाहेर आला तेव्हा त्याचा डावा गाल त्याचा राहिला नव्हता आणि खालचा ओठ कुठे संपतो हे त्याला सांगता येत नव्हतं.

आत्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. पांढरे केस बारीक कापलेले, पाठ ताठ, मांडीवर पर्स. "भाचा तुमचं फार कौतुक करतो," त्या म्हणाल्या. कारकुनाने अर्धं हसून दाखवलं, बाकीचं अर्धं हलेना.

सिनेमा सुरू झाला. तिसऱ्या मिनिटाला दादा उतरला तेव्हा मेकॅनिकने शेजारच्याचं मनगट घट्ट धरलं. खाली ओळ आली, ‘समुद्राने मला सात दिवस उसने दिले आहेत.’ ग्रंथपाल बाईंनी चष्मा काढून डोळे टिपले. त्याच क्षणी आत्या खुदकन हसल्या. बसमधल्या कंडक्टरपाशी त्या पुन्हा हसल्या. खेकडा आपल्या आईविषयी बोलायला लागला तेव्हा तर त्यांनी आधी पडद्याकडे बघितलं, मग खालच्या ओळीकडे, मग मागे वळून सावकाश कारकुनाकडे. कारकून खुर्चीत इतका खाली सरकला की मागून त्याचा फक्त भांग दिसत होता.

मग शेवट आला. शहर धुराने भरलं होतं. पाच राखणदार एकेक करून रांगेत उभे राहिले, आणि कायम एकट्याने लढलेला चांदीचा पहारेकरी क्षणभर घुटमळून त्यांच्या शेजारी सहावा होऊन उभा राहिला. सहा दिवे वर गेले. या प्रसंगात जपानीतही कोणी काही बोलत नव्हतं आणि कारकुनानेही तिथे एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्याने हा प्रसंग घरी नऊ वेळा बघितला होता, तरी दहाव्यांदाही त्याचा श्वास अडकला. खोलीत कोणी हलत नव्हतं. डॉक्टर आणि मेकॅनिक भांडण विसरून एकमेकांना टेकून उभे होते. आत्यांचंही हसू थांबलं होतं आणि पर्स मांडीवरून घसरून खाली पडली तरी त्यांना कळलं नाही.

खोलीतले दिवे लागले. मग डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, "आत्या, कसं वाटलं?"

"शेवट छान होता रे," आत्या म्हणाल्या. "पण तो मोठा भाऊ मेलेला नाहीये. त्याची दुसऱ्या गावाला बदली झाली होती आणि जाताना टोपी विसरला होता. तो सुट्टीवर आलाय. पत्र पाठवलं नाही म्हणून धाकटा रागावलाय त्याच्यावर."

कारकुनाने डोळे मिटले. संपलं सगळं.

"मॅडम," ग्रंथपाल बाईंनी शांतपणे विचारलं, "तुम्ही चौदावा भाग बघितलाय का?"

"नाही."

"तरीच."

"अहो, पण तो स्वतःच्या तोंडाने सांगतोय की बदली..."

"बदली झालेल्या माणसासाठी धक्क्यावर उभं राहून कोण रडतं?" मेकॅनिक म्हणाला. "तुम्हीच सांगा मला."

"आणि तो खेकडा," आत्या म्हणाल्या, "‘शहर बुडवीन’ एवढंच म्हणतो. चारदा म्हणतो. आईबिई काही नाही."

"वरवर तसंच वाटतं," ग्रंथपाल बाई वहीची पानं उलटत म्हणाल्या. "पहिल्यांदा बघणाऱ्याचा नेहमी गोंधळ होतो."

"अरे, मी अकरा वर्षं राहिलेय त्या देशात."

"आत्या, ते कंपनीतलं जपानी," डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाले. "हे वेगळं असतं."

आत्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. तीस वर्षांत त्यांना असं कोणी सांगितलं नसावं. कारकुनाला ते बघवेना. आपल्या थापेपायी एका जाणत्या बाईला सगळ्यांनी मिळून खोटं पाडावं, हे काही त्याच्या मनाला पटेना. तो उठून पुढे गेला आणि गाल हाताने सावरत, एकेक शब्द सुटा करून म्हणाला,

"त्यांचं बरोबर आहे. मला जपानी येत नाही. मी सात आठवडे शिकलो आणि सोडून दिलं. दादाला मी मारलं. खेकड्याची आई मी आणली. गेले पंचेचाळीस भाग मी बनवून लिहिलेत."

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग मेकॅनिक भारावून म्हणाला, "बघा. एवढं करून म्हणतात, मला येत नाही."

"खऱ्या विद्वानांचं असंच असतं," ग्रंथपाल बाई म्हणाल्या आणि ते वाक्यही त्यांनी वहीत लिहून घेतलं.

"अहो, मी खरं सांगतोय."

"सेन्सेई, तुम्ही बसा बघू," डॉक्टरांनी त्याला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि बाकीच्यांकडे वळून हलक्या आवाजात सांगितलं, "इंजेक्शन दिलंय मी त्यांना. आत्ताचं बोलणं कोणी मनावर घेऊ नका."

मंडळी दादाच्या त्या सात दिवसांवर तावातावाने बोलत बाहेर पडली. डॉक्टर आतले दिवे बंद करायला गेले. बाहेरच्या खोलीत कारकून आणि आत्या दोघंच उरली.

"चुकलं माझं," कारकून खाली बघत म्हणाला.

आत्यांनी पर्स उचलून झटकली. "मी तीस वर्षं लोकांची वाक्यं इकडून तिकडे पोचवली. आमच्या साहेबाने शिवी दिली की शिवीसुद्धा जशीच्या तशी पोचवायचे. पदरचा एक शब्द घालायची कधी छाती झाली नाही."

कारकुनाने मान वर केली.

"त्या खेकड्याला आई पुढे भेटते का?"

"अजून ठरवलं नाही मी."

"भेटू दे," आत्या म्हणाल्या. मग त्या बंद टीव्हीकडे वळल्या. "सगळे भाग आहेत का तुमच्याकडे?"

"एकोणपन्नास आहेत."

"पुढच्या रविवारी घेऊन या. मला पहिल्यापासून बघायचेत. पण एक करा."

"काय?"

"आवाज बंद ठेवा."