डाव्या चाकाजवळचा आवाज

चूक काढावी तर आम्हीच! उगाच फुशारकी मारत नाही. बावीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासतोय. नव्वद पानांत निसटलेला एक अनुस्वार मला चहा पिता पिता दिसतो. त्यामुळे जुनी गाडी घ्यायचं ठरलं, तेव्हा बायकोला मी आधीच बजावलं, "तू फक्त गप्प बसायचं. कौतुकाचा एक शब्द तोंडातून काढायचा नाही. मी दोष दाखवत जाईन, किंमत आपोआप खाली येईल."

"आणि दोष नसलेच तर?"

"नसले तर शोधू! त्यालाच कसब म्हणतात."

गाडी हवी होती आईसाठी. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाल्यापासून आमच्या छोट्या गाडीत तिला बसवणं म्हणजे जिन्यातून सोफा वर नेणं होतं. आधी डोकं, मग कंबर, मग एकेक पाय, आणि मध्येच तो वॉकर! आठ महिने ती दवाखान्यापलीकडे कुठे गेली नव्हती. आणि आता मावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, मुलाकडे कायमची परदेशी निघाली होती. सोमवारी तिचं विमान. रविवारी भेट झाली तर झाली, नाहीतर राहिली. तीन तासांचा रस्ता होता. थंडीच्या देशात लागेल म्हणून आई तिच्यासाठी स्वेटर विणत होती. एक बाही तेवढी बाकी होती.

बजेट अडीच लाख. मला हवी होती स्टेशन वॅगन, म्हणजे मागे शेवटपर्यंत सरळ छत आणि खोलीएवढी डिकी असलेली लांब गाडी. जाहिरातीत अशी एकच सापडली. मालक घड्याळं दुरुस्त करणारे सत्तरीचे काका. किंमत बरोबर अडीच लाख.

मंगळवारी आम्ही तिघं त्यांच्या दुकानाशी जाऊन गाडी पाहिली आणि माझी पंचाईत झाली. दोषच नव्हता! चौदा वर्षांची गाडी, पण दार असं लागायचं की ऐकत राहावं. आई पाठमोरी होऊन सीटवर टेकली आणि दोन्ही पाय स्वतःच आत घेतले. कुणाचा हात न धरता! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, पण सौदा व्हायचा होता म्हणून मी तोंड वाकडं केलं.

"अगं बाई, केवढी ही डिकी!" बायको किंचाळली. "वॉकर न मिटता राहिला की हो!"

मी तिच्या पायावर पाय दिला.

"पाय कशाला देताय?" तिनं सगळ्यांदेखत विचारलं.

काकांनी एक वही पुढे केली. कधी तेल बदललं, कधी टायर बदलले, सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं. मी वहीही तपासली. शुद्धलेखनाचीसुद्धा चूक नव्हती! शेवटी आम्ही गाडीतून चक्कर मारायला निघालो. काका चालवत होते आणि मी कान टवकारून बसलो होतो. कुठेही खडखड नाही, करकर नाही. आता मात्र काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"काका, मागून आवाज येतोय."

"कसला?"

"टिक-टिक. मागच्या डाव्या चाकाजवळ."

काकांनी गाडी कडेला घेतली. चेहरा एकदम उतरला त्यांचा. "मला नाही आला."

"बारीक आहे हो," मी उदारपणे म्हणालो.

उतरून त्यांनी चाकाभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "दहा हजार कमी करतो. पण आवाज सापडल्याशिवाय गाडी हलणार नाही. या माउलीला घेऊन लांब जायचंय तुम्हाला."

मी विजयी मुद्रेनं बायकोकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहत होती.

बुधवारी काकांचा फोन आला, "मागची सीट काढली. काही नाही." गुरुवारी, "चाक काढलं. काही नाही." शुक्रवारी मी धावतच दुकानात गेलो. गाडीचा मागचा भाग उघडा पडला होता आणि एकेक स्क्रू बशांमध्ये लहानमोठ्या क्रमानं लावून ठेवला होता. आत गेलो तर दुकान चिडीचूप. भिंतीवरची चाळीस-पन्नास घड्याळं काकांनी बंद करून ठेवली होती! कारण काय, तर ती बारीक टिक-टिक ऐकू यावी!

"माझे कान गेले," काका स्टुलावर बसून म्हणाले. "पन्नास वर्षं घड्याळ कानाला लावून त्याचं दुखणं ओळखलं. आता तुम्हाला ऐकू येतं ते मला येत नाही. लोकांची घड्याळं कोणत्या तोंडानं हातात घेऊ? दुकान बंद करावं म्हणतो."

मला इतकी लाज वाटली की काय सांगू! असा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता, आणि त्याच्या कानांवर मी घाव घातला होता, तोही दहा हजारांसाठी.

"काका, आवाज नाहीच! मी खोटं बोललो. गाडीत दोष सापडेना म्हणून थाप मारली. अशी गाडी मी पाहिली नाही, अशी वही पाहिली नाही, अशी डिकी पाहिली नाही..." तीन दिवस दाबून ठेवलेलं सगळं कौतुक बाहेर पडलं.

काका उठले. एक घड्याळ सुरू करून टेबलावर ठेवलं आणि पार रस्त्यापर्यंत जाऊन उभे राहिले.

"येतोय!" ते तिथूनच ओरडले. "स्वच्छ येतोय!"

परत येऊन त्यांनी एकेक करत सगळी घड्याळं सुरू केली. मग माझ्याकडे वळले. "शनिवारी संध्याकाळी गाडी घेऊन जा. अडीच लाख."

"अं? पण दहा हजार कमी..."

"ते आवाजाचे होते. आवाज नाही, तर सूट कसली?"



रविवारी सकाळी निघालो. आई मागे पाय पसरून ऐसपैस बसली होती, डिकीत वॉकर दिमाखात उभा होता. तासभर गाडी अशी धावली की मला गाणं सुचायला लागलं. आणि तेवढ्यात...

टिक-टिक. टिक-टिक.

मागून! डावीकडून!

"ऐकलंस?" मी बायकोला विचारलं.

"ऐकलं," ती म्हणाली. तिचाही चेहरा पडला.

गाडी थांबवली, चाकाला लाथ घातली, पालथा पडून खाली पाहिलं. आवाज बंद. निघालो, तर पुन्हा टिक-टिक! पुन्हा थांबलो, पुन्हा गुडघे मातीत, पुन्हा आवाज बंद. तिसऱ्यांदा मात्र बायकोनं मागे वळून पाहिलं आणि पोट धरून हसायला लागली.

आईच्या हातात विणायच्या सुया होत्या.

"सारखा काय थांबतोस रे?" आई वैतागून म्हणाली. "तू उतरलास की मला बघत बसावं लागतं हा कुठे पडतोय ते. ताईचं घर यायच्या आत बाही पुरी करायचीय. आजवर गाडीत कोपर हलवायला जागा होती का मला?"

मी गुडघ्यावरची माती झटकली आणि गाडी सुरू केली. पण एक गोष्ट तुम्हाला म्हणून सांगतो. आई बसली होती ती बरोबर मागच्या डाव्या चाकावर. जागा मी अगदी बिनचूक सांगितली होती!