तोफखाना गप्प बसतो

पंपांच्या कंपनीत त्याला सगळे तोफखाना म्हणत. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याचं उत्तर सुटलेलं असे. या जिभेपायी तक्रार विभागाच्या प्रमुखाची जागा, अगदी तोंडाशी आलेल्या घासासारखी, दोनदा हुकली होती. तिसरी मुलाखत नव्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात, घरून, कॉम्प्युटरवर व्हायची होती.

त्याची बायको योगाच्या वर्गाला जात असे. तिने एक तारखेलाच बजावलं, "आसनं राहू द्या, तुम्हाला वाकता येत नाही. पण योग म्हणजे नुसतं वाकणं नव्हे. रोजच्या सवयीत भान आणायचं. कुणी काही विचारलं की तीन श्वास घ्यायचे, सावकाश. नजर नाकाच्या शेंड्यावर. पापणीसुद्धा हलता कामा नये. मग बोलायचं."

"आणि तोवर समोरचा निघून गेला तर?"

"बघा! घेतलात श्वास?"

मुलाखतीला पडद्यावर दोघं होती. एक कंपनीच्या मोठ्या मॅडम आणि दुसरा भरती अधिकारी. कॉम्प्युटरमधलं आपल्याला सगळं कळतं, असं तो स्वतःच सांगत असे.

"चिडलेलं गिऱ्हाईक अद्वातद्वा बोलायला लागलं, तर काय कराल?" मॅडमनी विचारलं.

तोफखान्याने नजर नाकाच्या शेंड्यावर रोवली आणि पहिला श्वास घेतला.

"अडकले वाटतं," मॅडम म्हणाल्या.

"नेट गेलं त्यांचं. येईल आता. चेहरा बघा मॅडम, ऐन शिंकेच्या वेळी अडकलाय."

दुसरा श्वास चालू होता.

"माणूस कामाचा आहे हो," मॅडमनी सुस्कारा सोडला. "पण तोंड! परवा एका गिऱ्हाइकाला म्हणाला, पंप ठणठणीत आहे, तुम्हीच एकदा तपासून घ्या."

"त्यापेक्षा साहेबांचा भाचा घेऊ."

"भाचा? अहो, शुद्ध ठोंब्या आहे तो. पंपात पाणी कुठून शिरतं तेही ठाऊक नाही त्याला."

"ठोंब्या खरा. पण साहेबांचा."

तिसरा श्वास संपला आणि तोफखान्याला घाम फुटला. आता हललं की आपण सगळं ऐकलं हे यांना कळणार, आणि जागा गेलीच म्हणायची. नेट परत आल्याचं सोंग कसं आणतात, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो अडकलेलाच राहिला.

तेवढ्यात मागून बायको आली, डोक्याला टॉवेल गुंडाळून, चार्जर शोधत. नवऱ्याची निश्चल पाठ पाहून तिला भरून आलं.

"अहो, चार्जर पाहिलात?"

उत्तर नाही. असं त्यांच्या संसारात आजवर घडलं नव्हतं.

"मागे कुणीतरी हलतंय," मॅडम म्हणाल्या.

"होतं असं," अधिकारी ठामपणे म्हणाला. "कॅमेऱ्याजवळचं आधी अडकतं. लांबचं चालू राहतं."

बायकोने जवळ येऊन त्याच्या नाकाखाली बोट धरलं. छाती हलताना दिसू नये म्हणून त्याने नेमका श्वास रोखला होता. "अगं बाई!" असं ओरडून तिने टेबलावरची पाण्याची बाटली त्याच्या डोक्यावर रिकामी केली. पाणी नाकावरून ठिबकू लागलं.

"हे तर जवळचं आहे," मॅडम म्हणाल्या. "आणि वाहतंय."

अधिकारी आपल्याच कॉम्प्युटरच्या वायरी तपासू लागला.

बायको हंबरडा फोडणार, तोच तोफखाना ओठ न हलवता पुटपुटला, "जिवंत आहे. जा."

"तुम्हाला ऐकू येत होतं?" मॅडमनी विचारलं.

"हो."

"शिंकेचं?"

"हो."

"भाच्याचं?"

"तेही."

मॅडमनी अधिकाऱ्याकडे पाहिलं, अधिकाऱ्याने छताकडे. मग मॅडम घसा खाकरून म्हणाल्या, "एवढं ऐकलंत, अंगावर पाणी पडलं, तरी हलला नाहीत. तक्रार विभागाला असाच माणूस हवा. जागा तुमची. आणि इथलं बोलणं इथेच राहील, नाही का?"

"राहील," तोफखाना म्हणाला.

बायकोने वर्गात बाटलीची हकीकत इतक्यांदा सांगितली की वर्गाला बसायला जागा पुरेना. साहेबांनीही मनाला लावून घेतलं नाही. त्यांनी भाच्याला तक्रार विभागातच नेमलं, तोफखान्याच्या हाताखाली, काम शिकायला. भाचा स्वभावाने गरीब होता. समोरच्या खुर्चीवर बसून तो दिवसाआड विचारी, "सर, अगदी खरं सांगा हं. माझ्यात काय कमी होतं हो?"

उत्तर तोफखान्याच्या जिभेवर तयार असे. फक्त एका शब्दाचं.

"काही नाही रे," तो म्हणे आणि ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाचा फोन स्वतःच उचले. तेवढंच जरा निवांत वाटे.