कासवाला मध्येच विचारू नये

ऑफिसात त्याला सगळे ‘झालंका’ म्हणत. येता-जाता तो ज्याला त्याला हेच विचारायचा. लिफ्टनेही उत्तर दिलं असतं, तर तिलाही सोडलं नसतं. लॅबमधलं बॅटऱ्या तपासायचं मीटर मोबाइलवरून चालवता येतं हे कळलं, तेव्हा त्याने छाती फुगवून बायकोला सांगितलं, "यंदा लेकीच्या नाटकाला मी पहिल्या रांगेत. मीटर तिकडे बॅटऱ्या मोजेल, मी इथून लक्ष ठेवेन."

मागच्या वर्षी लेक ससा झाली होती आणि हा लॅबमध्ये अडकला होता. ससा दोन दिवस त्याच्याशी बोलला नव्हता. यंदा ती कासव होती. पाठीवरचं कवच त्याच मीटरच्या खोक्यातून कापलेलं, आणि ‘नाजूक वस्तू, जपून हाताळा’ हा शिक्का हिरव्या रंगातूनही दिसत होता.

पडदा वर गेला, तरी याची नजर मोबाइलवर. दर सेकंदाला मीटरला ‘झालं का?’ विचारायची सोय त्याने स्वतः केली होती, आणि मीटर बिचारं दर सेकंदाला ‘अजून नाही’ म्हणत होतं. तेवढ्यात लॅबमधून सहकारी बाईंचा फोन आला.

"अरे, हे मीटर असं काय करतंय? मोजायला घेतं, मध्येच सोडतं, परत पहिल्यापासून घेतं. एक बॅटरी पुरी होईल तर शपथ."

"बिघडलं असेल, नंतर बघतो," असं कुजबुजून त्याने फोन ठेवला, कारण कासव माइकपाशी आलं होतं.

"मी कासव. मला घाई नाही. मी माझं घर..."

त्याने अंगठा वर करून खुणेनेच विचारलं, जमतंय ना? कासव थांबलं, गुणी मुलीसारखी मान हलवली आणि म्हणालं, "मी कासव. मला घाई नाही."

पुन्हा अंगठा, पुन्हा मान, पुन्हा ‘मी कासव’. शेजारचा ससा कंटाळून खाली बसला आणि प्रेक्षकांत खसखस पिकली. बायकोने त्याचा हात धरून खाली ओढला.

"अहो, तिला सगळं पाठ आहे. तुम्ही विचारता म्हणून ती थांबते, आणि थांबली की पहिल्यापासून म्हणावं लागतं तिला."

त्याने मुकाट्याने हात मांडीखाली घातला. मग दुसऱ्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं, आणि लख्ख उजेड पडला. मीटरही लेकीच्याच वळणाचं होतं! विचारलं की हातातलं काम टाकून उत्तर द्यायचं, आणि पुन्हा श्रीगणेशा. त्याने ते विचारणं बंद करून टाकलं आणि मीटरला एवढंच कळवलं, झालं की तूच सांग. मग मोबाइल खिशात टाकला.

न विचारता बसणं त्याला फार जड गेलं. पण कासव न अडखळता बोलत राहिलं, आणि त्याचा ऊर भरून आला. आपण हे मागच्या वर्षी का घालवलं, असं त्याला वाटून गेलं. भाषण शेवटच्या वाक्यावर आलं. सगळं सभागृह एकदम शांत झालं.

आणि त्याच्या खिशात मोबाइल ठणाणा वाजू लागला.

कासव थांबलं. कासवाचा चेहरा आनंदाने फुलला आणि ते माइकमध्येच म्हणालं, "बाबा, तुमचं झालं वाटतं!"

मग त्याने कवच सारखं केलं, घसा खाकरला.

"मी कासव. मला घाई नाही."