सत्तारमामू आणि शेरूचा खोकला

आमच्या गल्लीतले सत्तारमामू कशालाही कान लावतात. गाडी असो, मिक्सर असो की माणूस, परवानगी मागत नाहीत. लातुरात सारी हयात त्यांनी जीपगाड्यांच्या गॅरेजात घालवली. "आवाज बोलतो, सर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा माझ्या सासऱ्यांच्या पोटाला कान लावून त्यांनी 'गिअरबॉक्स' असं निदान केलं. सासरे पुन्हा आमच्याकडे मुक्कामाला आले नाहीत, त्याबद्दल मी मामूंचा ऋणी आहे.

आमचा शेरू, मांडीवर मावणारा पॉमेरियन, खोकायला लागला तेव्हा मामूंना बोलवावं लागलं नाही. खोकला कसला, जुन्या रिक्षाचा भोंगा. शेवटी मान लांब करून ओकारी आल्यासारखं करायचा आणि बाहेर यायचा नुसता फेस. मामूंनी कान लावला. "कायतरी अटकलंय, सर. हाडूक असंल."

मी एका क्लासमध्ये डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलांना श्वसनसंस्था शिकवतो. फळ्यावर श्वासनळी अशी काढतो की पोरं फोटो घेतात. तरीही "मलाही तेच वाटतंय" असं मी ठणकावून सांगितलं.

घशात काटा अडकला की आपण कोरड्या भाकरीचा घास गिळतो. मामूंनी शेरूला तोच इलाज लावला. फक्त घास तुपात बुडवून. रोज सकाळी फाटकाबाहेर त्यांची चप्पल फरफटत आली, की शेरू साखळी ताणून नाचायचा आणि नाचता नाचता खोकायचा. "निघंल, निघंल," म्हणत मामू घास भरवायचे. शेरू उशीसारखा फुगला, हाडूक काही निघेना.

एके सकाळी खोकताना त्याची जीभ निळी पडली. मी नुसताच इकडून तिकडे पळत होतो. रिक्षा मामूंनी आणली. जनावरांच्या डॉक्टरबाईंनी शेरूला आधी ऑक्सिजन दिला, मग एक्स-रे काढला.

"काही अडकलेलं नाही," त्या म्हणाल्या. "छोट्या कुत्र्यांची श्वासनळी कधीकधी ढिली पडून चपटी होते. खोकून खोकून उमासा येतो, म्हणून अडकल्यासारखं दिसतं. गळ्याचा पट्टा काढा, छातीचा घाला. गोळ्या द्या, वजन उतरवा. आणि फार हुरळू देऊ नका. कुणाला बघून नाचतो का हा?"

मी मामूंकडे बघितलं. मामू एक्स-रेकडे बघत होते. तुपाचं नाव आम्ही दोघांनीही काढलं नाही.

त्यानंतर मामू आलेच नाहीत. शेरूचा खोकला उतरला, पण तो फाटकाशी बसून राहायचा. मामू रुसले, असं मी बायकोला सांगितलं. माणसं मला बरोबर कळतात, असा माझा समज आहे.

एका सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना खाली मामू दिसले. चपला हातात घेऊन, अनवाणी, आमच्या भिंतीला कान लावून उभे. मी खाली धावलो.

"मामू, रागावलात?"

"हळू बोला," ते कुजबुजले. "माझी चप्पल वळखतंय ते. तुमची मामी गेल्यापासून मला बघून खुश व्हणारं दुसरं कोण हाय, सर? तेचाच दम उखडून राहिला माझ्यामुळं. म्हून लांबूनच ऐकून जातो."

मी आत चला म्हणायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. भिंतीपलीकडे शेरू घोरत होता.

"आज आवाज साफ हाय," मामू म्हणाले, आणि चपला हातातच ठेवून घराकडे वळले.